फोनच्या या टोकाचा आवाज: हेल्पलाइनवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

"ताई, तुम्ही घाईत आहात का?"

बारावीच्या निकालाच्या रात्री एका मुलाने मला फोनवर हे विचारलं. तोपर्यंत मी त्याच्याशी चार-पाच वाक्यं बोलले होते आणि त्यातलं एकही चुकीचं नव्हतं, सगळी प्रशिक्षणात शिकवतात तशीच होती. पण रात्र बरीच झाली होती, एकामागून एक फोन घेऊन पाठ आखडली होती आणि मी भराभर बोलत होते. माझे शब्द त्याच्या कानावर पडले आणि माझी घाई मनापर्यंत गेली. तो फोन ठेवायच्या आत मी थांबले, श्वास घेतला आणि सावकाश म्हणाले, "नाही रे, घाई अजिबात नाही. मीच जरा भरभर बोलले. तू बोल, मी ऐकतेय." मग तो चाळीस मिनिटं बोलला.

फोन घ्यायला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगते. नवीन मंडळींना काळजी असते ती "काय बोलायचं" याची. वह्या भरून वाक्यं लिहून घेतात, आणि पहिला फोन येतो तेव्हा पलीकडे कुणीतरी हुंदके देत असतं, वाक्यं ऐकण्याच्या अवस्थेतच नसतं. त्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत तुमच्या आवाजावरच सगळं चालतं. तो कसा तयार करायचा, फोनवर कसा वापरायचा आणि त्याचा उपयोग होतोय हे कसं ओळखायचं, ते इथे क्रमाने सांगते. घरी परीक्षेहून रडत आलेल्या मुलाशी बोलताना किंवा दवाखान्याच्या बाकावर ताटकळलेल्या नातेवाइकाजवळ बसतानाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल. उदाहरणं मात्र फोनचीच देते, कारण ती मी रोज ऐकते.

आधी समजून घ्या: पलीकडच्या अंगात काय चाललंय

माणूस घाबरला, त्याचा अपमान झाला, त्याने अपघात पाहिला, की काही सेकंदांत अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरतं. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, श्वास वरच्या वर चालतो. स्वरयंत्राचे स्नायूही आवळतात, म्हणून आवाज वरच्या पट्टीत जातो, चिरकतो. याच्या जोडीने एक सावकाश चालणारी साखळी सुरू होते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला आणि तिथून मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप जातो, आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढू लागतं. लाळेत मोजलं तर ताण सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी ते सगळ्यात वर असतं, आणि पूर्ववत व्हायला त्याहून जास्त वेळ घेतं.

याचा फोनशी थेट संबंध आहे. समजा आठ वाजता भांडण झालं, नवरा दार आपटून निघून गेला आणि बाईंनी सव्वाआठला फोन लावला. घर शांत आहे, पण त्यांच्या अंगात भांडण अजून चढतंय. "आता गेले ना ते, मग शांत व्हा" हे कितीही खरं असलं तरी त्या क्षणी त्यांच्या शरीराला पटणारं नाही. म्हणून पहिली वीस मिनिटं तुमच्याकडून काही "सुटलं" नाही तर हात-पाय गाळू नका. उतार वेळ घेतोच.

आवाजाने हा उतार लवकर येतो का, हे मोजून पाहिलेलं आहे. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठाने १९९३ मध्ये एक चाचणी बसवली: अनोळखी परीक्षकांसमोर उभं राहून भाषण करायचं, मग तोंडी गणितं सोडवायची, आणि परीक्षक चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाहीत. आपल्याकडे तोंडी परीक्षा दिलेल्या कुणालाही हे वर्णन वाचूनच घाम फुटेल. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात लेस्ली सेल्ट्झर, सेथ पोलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ ते १२ वर्षांच्या ६१ मुलींना अशीच परीक्षा द्यायला लावली आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. परीक्षेनंतर काही मुलींना आई प्रत्यक्ष भेटली, तिने जवळ घेतलं. काहींना आईचा फक्त फोन आला. उरलेल्यांनी एक साधा चित्रपट पाहिला. आईने जवळ घेतलेल्या आणि नुसता तिचा आवाज ऐकलेल्या, दोन्ही गटांतल्या मुलींचं ऑक्सिटोसिन, म्हणजे जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक, वाढलं आणि कॉर्टिसॉल उतरलं. चित्रपट पाहणाऱ्या मुलींचं तासाभरानंतरही चढलेलंच होतं.

२०१२ मध्ये याच गटाने पुढचा प्रश्न विचारला: आईने तोच धीर चॅटवर लिहून दिला तर? तेव्हा मुलींच्या शरीरात आईशी काहीच संपर्क न झालेल्या मुलींसारखंच चित्र दिसलं. आई तीच, धीरही तोच, पण आवाज नव्हता.

यावरून फार मोठ्या उड्या मारू नका. मुली थोड्या होत्या आणि आवाज आईचा होता. जन्मून दोन-तीन दिवसही न झालेलं बाळ इतर बायकांच्या आवाजांतून आईचा आवाज निवडतं, हे १९८० पासून माहीत आहे. आपल्या आवाजामागे अशी पुण्याई नसते. आपण अनोळखी आहोत आणि विश्वास त्याच फोनवर, त्याच मिनिटांत मिळवायचा आहे. मला या अभ्यासांतून घ्यावीशी वाटते ती एकच गोष्ट: तारेवरून गेलेला आवाजसुद्धा माणसाच्या शरीरापर्यंत जातो. मग तो नीट पाठवायची जबाबदारी आपल्यावर येते.

फोन वाजण्याआधी

खुर्चीत टेकून बसा, पाय जमिनीला लागू द्या, जबडा सैल सोडा. हनुवटी आणि खांद्यामध्ये फोन दाबून बोलू नका, गळा आवळतो आणि ते पलीकडे ऐकू जातं. हेडफोनचा माइक ओठांच्या अगदी समोर नको, थोडा बाजूला ठेवा, नाहीतर तुमचा प्रत्येक उच्छ्वास समोरच्याच्या कानात वाऱ्यासारखा आदळतो. घोटभर पाणी प्या. पंखा खडखडत असेल तर बंद करा.

मग चार-पाच श्वास, बाहेर सोडायला जास्त वेळ लावून. आत चार आकडे, बाहेर सहा. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात, म्हणून लांब उच्छ्वास शरीराला सैल करतो. हे तुमच्यासाठी आहे. तुमच्या छातीत धडधड असेल तर ती तुमच्या आवाजात येणार, आणि समोरच्याला ती आधी कळणार.

आपली मूळ पट्टी कुठली ते एकदा शोधून ठेवा. सोपा उपाय सांगते. कुणीतरी "चहा घेणार?" विचारलंय आणि तुम्ही तोंड मिटूनच "हं-हं" म्हणून होकार देताय, असं करून पाहा. जो सूर सहज निघाला तो तुमचा. आवाजाचे उपचार करणारेही असाच होकार काढायला लावतात. त्या सुराच्या आसपास बोला. गंभीर वाटावं म्हणून आवाज मुद्दाम खर्जात ढकलणारे काही जण असतात. दहा मिनिटांत घसा बसतो, आणि ऐकणाऱ्याला पोलीस ठाण्यात फोन लागल्यासारखं वाटतं.

फोनची एक खोड माहीत असू द्या. जुन्या पद्धतीच्या फोनलाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला ध्वनी जातो. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर शंभर-सव्वाशेच्या आसपास, बाईचा दोनशेच्या आसपास, म्हणजे दोन्ही त्या पट्ट्याच्या खाली. कान तो सूर वरच्या ध्वनींवरून जुळवून घेतो, पण समोरासमोर जाणवणारी आवाजातली ऊब बरीचशी गळते. त्यामुळे फोनवर तुमच्या हातात मुख्यतः लय उरते, थांबणं उरतं आणि वाक्याचा चढ-उतार उरतो. त्यांच्यावरच काम करायचं.

पहिली तीस सेकंदं

संस्थेचं नाव, स्वतःचं नाव, "मी आपली काय मदत करू शकते" हे सगळं एका श्वासात, स्टेशनवरच्या घोषणेसारखं म्हणायची सवय फार लवकर लागते. ती लागू देऊ नका. "नमस्कार" म्हणा आणि शेवटचा "कार" खाली टेकू द्या. थांबा. मग नाव. परत थांबा. "बोला." या "बोला"चा सूर वर गेला तर दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो तसं ऐकू येतं. खाली आला तर बसायला पाट दिल्यासारखा वाटतो. घरच्या कुणाला तरी दोन्ही म्हणून दाखवा, फरक लगेच कळेल.

भाषा त्यांची, पट्टी तुमची. "आपणास काय अडचण आहे?" हे अर्जातलं मराठी घरी ठेवून या. "काय झालं, सांगा" पुरे. समोरचा माणूस वऱ्हाडीत किंवा मालवणीत बोलत असेल तर तुम्हीही त्याची नक्कल करू नका, फक्त पुस्तकी शब्द गाळा. संबोधनाचंही तसंच. त्याने तुम्हाला ताई म्हटलं तर तुम्ही दादा म्हणू शकता. वय माहीत नसलेल्या बाईंना "काकू" म्हणू नका; "ताई" चालतं, नाहीतर नुसतं "तुम्ही".

घाट उतरावा तसं उतरा

नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक म्हणजे समोरचा किंचाळत असताना आपण एकदम गोड, मंद, झोपेतल्यासारखं बोलणं. त्याला वाटतं, याला काही कळलेलंच नाही. काही जण चिडून फोन ठेवतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

म्हणून सुरुवात त्यांच्या जवळून करा. जोर त्यांच्याइतका नको, पण जाग तेवढी हवी. "अरे बापरे. आत्ता झालं हे? आत्ताच?" हे मी जरा वरच्या सुरात आणि जलद म्हणते. पुढचं वाक्य थोडं सावकाश: "बरं. तुम्ही आत्ता कुठे बसलाय?" त्याच्या पुढचं आणखी सावकाश: "दार लावलंय ना? ...हं. मग सांगा मला, सावकाश." तीन वाक्यांत तीन पायऱ्या. समोरचा बरोबर उतरला नाही तर परत एक पायरी वर जायचं, त्याला गाठायचं आणि पुन्हा उतरायला लागायचं. एका फोनवर हे सात-आठ वेळाही करावं लागतं.

"शांत व्हा" हे शब्द मी फोनवर वापरत नाही. हुकमाच्या सुरात म्हटले तर दरडावल्यासारखे आणि गोड म्हटले तर खोटे वाटतात. "काळजी करू नका" त्याहून जपून, कारण ते बहुतेक वेळा घाईतच म्हटलं जातं.

शांत आवाज आणि सपाट आवाज यांत गल्लत होते, तिथे सावध राहा. भारतात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञ नलिनी अंबाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांच्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यातले दहा-दहा सेकंदांचे तुकडे घेतले आणि ध्वनी असा गाळला की शब्द कळू नयेत, नुसता सूर राहावा. ऐकणाऱ्यांनी दिलेल्या गुणांवरून निघालं की ज्यांच्या सुरात हुकमत जास्त आणि काळजी कमी होती, त्यांच्यावर रुग्णांनी पूर्वी दावे लावलेले असण्याची शक्यता जास्त होती. त्या डॉक्टरांना आपण नुसते "ठाम" बोलतोय असंच वाटत असणार. सगळं येणाऱ्या, सगळं पाहिलेल्या माणसाचा निर्विकार आवाज अनुभवाबरोबर आपोआप येतो. नव्यांपेक्षा माझ्यासारख्या जुन्यांना हा धोका मोठा आहे.

"हं"

फोनवर तुम्ही सगळ्यात जास्त वेळा उच्चाराल तो हा एक आवाज, म्हणून त्याच्यावर वेळ घालवा.

तुटक, वर जाणारं "हं?" म्हणजे ऐकू आलं नाही, किंवा विश्वास बसला नाही. पटापट "हं हं हं" म्हणजे आटपा. एकाच सुरातलं "हं... हं..." ठरावीक अंतराने येऊ लागलं की समोरच्याला कळतं, ही बाई दुसरीकडे पाहतेय. उपयोगाचं "हं" थोडं लांबट असतं, खाली टेकतं आणि समोरच्याचं वाक्य संपल्यावर अर्ध्या क्षणाने येतं. तो अर्धा क्षण सोडू नका. मोबाइलवर आवाज पोचायला जरा उशीर लागतो, त्यामुळे लगेच बोललात तर तुमचं "हं" त्याच्या पुढच्या वाक्यावर आदळतं आणि त्याला तोडल्यासारखं वाटतं.

मधूनमधून "बरं", "हो का", "मग?" येऊ द्या. "मग?" जपून, कारण चढ्या सुरात ते उलटतपासणीसारखं ऐकू येतं.

तसाच "का". "का केलंस असं?", "का नाही सांगितलंस घरी?" मराठीत आपण हा प्रश्न लहानपणापासून रागावलेल्या सुरातच ऐकलेला असतो. तुम्ही कितीही मऊ विचारा, ऐकणाऱ्याच्या कानात शाळेतले गुरुजी उभे राहतात. "काय झालं तेव्हा?" असं विचारलं तर तीच माहिती मिळते, आणि "काय"चा सूर खाली आणणं सोपं असतं.

थांबणं

समोरचा रडत असेल तर रडू द्या. पाच सेकंदांची शांतता नव्या माणसाला पाच मिनिटांसारखी वाटते. पण फोनवर पूर्ण निःशब्दता चालत नाही, लाइन कटली असं वाटतं. दर आठ-दहा सेकंदांनी हलकंच "आहे मी", "रडा, काही घाई नाही" एवढंच. मूल रडताना आजी "उगी, उगी" म्हणत थोपटते ना, त्या लयीत. शब्द प्रौढाला शोभतील असे, लय मात्र तीच.

वय झालेल्या माणसांशी मात्र लहान बाळाशी बोलावं तसं बोलू नका. "आजोबा, औषध घेतलं का आपण? शहाणे ना तुम्ही!" असं गाऊन बोलणं प्रेमाने होतं, पण लागतं. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत स्मृतिभ्रंश झालेल्या रहिवाशांची चित्रफीत घेऊन क्रिस्टिन विल्यम्स यांनी २००९ मध्ये दाखवलं, की अशा सुरात बोललं की ते रहिवासी कर्मचाऱ्यांना जास्त विरोध करतात. ज्यांची स्मृती धड नाही त्यांनाही हा सूर समजतो. ऐकू कमी येत असेल तर आवाज किंचित वाढवा, शब्द सुटे करा, पट्टी वर नेऊ नका, कारण वयानुसार वरच्या सुरांचंच ऐकणं आधी कमी होतं.

उतार येतोय हे कसं ओळखायचं

विचारून कळत नाही. "आता बरं वाटतंय का?" म्हटलं की लोक तुमच्यासाठी "हो" म्हणतात. ऐकून कळतं.

पहिली खूण म्हणजे वाक्यं लांबतात. बोलणं सगळं उच्छ्वासावर चालतं. श्वास वरच्या वर असतो तेव्हा दोन-तीन शब्दांत वाक्य तुटतं, खाली गेला की दहा शब्द एका दमात येतात. मग आवंढा गिळल्याचा आवाज येतो, कारण तोंडाला पुन्हा पाणी सुटलेलं असतं. एखादा मोठा सुस्कारा येतो. कुणी म्हणतं, "थांबा, पाणी पिऊन येतो." हे ऐकलं की मला फार बरं वाटतं. आणि शेवटची, सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे त्यांना तुम्ही दिसू लागता. "तुमचं नाव काय म्हणालात?", "तुमच्याकडेही पाऊस आहे का?" असं काही येतं. काय करता येईल याबद्दल बोलायचं असेल तर ते यानंतर, त्याआधी नाही.

आवाजाने भागत नाही तेव्हा

कुणी जीव नकोसा झाल्याचं बोललं तर सूर सांभाळत बसू नका, सरळ विचारा: "आत्महत्येचे विचार येतायत का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हा प्रश्न मात्र आवाज न कापता विचारता आला पाहिजे, म्हणून आरशासमोर वीस वेळा म्हणून ठेवा. जवळ साधन आहे का, कोण सोबत आहे हे विचारा, पर्यवेक्षकांना खूण करा आणि तातडीचा धोका असेल तर ११२. मूल संकटात असेल तर १०९८. पुढच्या उपचारासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि मराठीतही बोलता येतं. हे क्रमांक टेबलावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा. सांगताना एकेक आकडा सुटा म्हणा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या.

फोन ठेवल्यावर

लगेच पुढचा फोन उचलू नका. तुम्हीही तो ताण कानातून आत घेतलेला असतो. उठा, खिडकीपर्यंत जा, पाणी प्या, एकदा मोठ्याने काहीतरी साधं बोला. मी सोबतच्या मैत्रिणीला नुसतं "झालं गं" म्हणते. ते "झालं गं" वरच्या पट्टीत आलं, तर आणखी पाच मिनिटं बसते.

सरावासाठी रोज एक मिनिट स्वतःचा आवाज मोबाइलवर मुद्रित करून ऐका. मजकूर कुठलाही चालेल, वाणसामानाची यादीसुद्धा. पहिल्या दिवशी स्वतःचा आवाज परका वाटतो, तो प्रत्येकाला वाटतो. काय ऐकायचं? वाक्याचे शेवट वर लटकतायत की खाली टेकतायत, आणि दोन वाक्यांमध्ये तुमचा श्वास ऐकू येतो का. एवढंच, महिनाभर.

रजिस्टरमध्ये विषय आणि वेळेसोबत आणखी एक ओळ लिहायची सवय लावून घ्या: सुरुवातीला आवाज कसा होता, शेवटी कसा. नाव-गाव काही नको. माझ्या रजिस्टरमध्ये त्या निकालाच्या रात्रीची ओळ अशी आहे: "सुरुवात: तुटक, कोरडा, चढा. मी घाईत, माझी चूक. चाळीस मिनिटं. शेवट: लांब वाक्यं. मधे पाणी प्यायला. ठेवताना विचारलं, ताई, तुम्ही जेवलात का."